आयतं फ्रेमवर्क की घरचं?

वेबवर काम करणाऱ्या मंडळींत हा वाद काही वर्षं शांत राहतो आणि पुन्हा पेटतो. रेल्स, जँगो, लारावेल, स्प्रिंग अशी तावूनसुलाखून निघालेली फ्रेमवर्क फुकट हाताशी असताना घरी बसून नवं लिहिणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या पैशाची नासाडी, असं एक बाजू म्हणते. आपल्याला त्यातलं लागतं मूठभर, मग बाकीचं ओझं जन्मभर का वाहायचं, असं दुसरी विचारते. मी दोन्ही बाजूंशी भांडत आलो आहे. फ्रेमवर्क ही ठरवून लिहायला घेण्याची वस्तू आहे, असं दोघंही धरून चालतात. गेल्या तीस वर्षांत जी फ्रेमवर्क टिकली, त्यांतली बहुतेक कुणी तशी लिहायला घेतलेलीच नव्हती. कुणाचं तरी दुसरंच काम चाललं होतं. त्या कामात जे परत परत करावं लागत होतं ते बाजूला काढून ठेवता ठेवता फ्रेमवर्क तयार झालं.

सुरुवातीला तर निवडीचा प्रश्नच नव्हता. १९९३ मध्ये एनसीएसएच्या सर्व्हरबरोबर सीजीआय ही सर्व्हरने बाहेरचा प्रोग्राम चालवण्याची रीत आली आणि पुढची काही वर्षं ज्याने त्याने आपापलं पर्लमध्ये लिहावं, हाच रिवाज होता. रासमुस लेर्डोर्फला वेबवर ठेवलेला आपला बायोडेटा कोण कोण पाहून जातं ते मोजायचं होतं. त्यासाठी सी भाषेत लिहिलेली बारीकसारीक हत्यारं त्याने १९९५ मध्ये सगळ्यांसाठी खुली केली. पीएचपीचा जन्म हा असा. १९९८ मध्ये झीव सुरास्की आणि अँडी गुटमन्स यांच्या हातून पीएचपी ३ आलं आणि आपल्याकडच्या छोट्या कचेऱ्यांना वेबचं काम घेणं परवडू लागलं.

दोन हजार सालाच्या आसपास पुण्यातल्या अशा कुठल्याही कचेरीत गेलात, तर प्रत्येक पानाच्या पहिल्याच ओळीत एक ठरलेली फाइल ओढून घेतलेली दिसायची. तिचं नाव काहीही असो, आत तेच असायचं: डेटाबेसची जोडणी, लॉगिन झालंय का याची तपासणी, वरची पट्टी, खालची पट्टी, आणि रकमेत स्वल्पविराम घालणारं एक फंक्शन. हे शेवटचं फंक्शन आयतं मिळत नसे. पीएचपीची सोय तीन-तीन आकड्यांवर स्वल्पविराम देई, १,२३४,५६७ असा. पतसंस्थेच्या व्यवस्थापकाला १२,३४,५६७ हवं असे, आणि त्याचं बरोबरच होतं. जँगोसारख्या नावाजलेल्या फ्रेमवर्कमध्येसुद्धा असे विषम गट पाडण्याची सोय १.११ या आवृत्तीत, म्हणजे २०१७ मध्ये आली. आमच्या त्या फाइलीला कुणी फ्रेमवर्क म्हणत नसे, पण होतं ते फ्रेमवर्कच. पतसंस्था, दूध संघ, छापखाने यांच्या कामातून ते घडलं होतं आणि त्यात एकही ओळ बिनकामाची नव्हती.

जावाचा काळ मी घाईनेच ओलांडतो. क्रेग मॅक्लॅनाहनचं स्ट्रट्स २००० मध्ये आलं, ईजेबी या जावाच्या संकेताचा बोलबाला झाला, आणि एक फॉर्म भरून घ्यायला तीन-तीन एक्सएमएल फाइली लिहायची वेळ आली. मोठ्या कंपन्यांच्या समित्यांनी कागदावर आखलेला तो डोलारा. तो डोलारा उलगडून दाखवला रॉड जॉन्सनने, २००२ मधल्या आपल्या जे२ईई डिझाइनवरच्या पुस्तकात. मुद्दे पटवायला त्याने जोडलेला कोडच पुढे स्प्रिंग झाला आणि २००४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. म्हणजे इथेही आधी काम, मग फ्रेमवर्क. जावाबद्दल मला एवढंच सांगायचं आहे.

२००४ च्या जुलैमध्ये डेव्हिड हाइनमायर हॅन्सनने रुबी ऑन रेल्स खुलं केलं. ते आलं बेसकँपमधून. शिकागोच्या छोट्या कंपनीचं कामं वाटून देण्याचं हे सॉफ्टवेअर आधी गिऱ्हाइकांच्या हातात पडलं, मग त्यातला सामाईक भाग बाहेर काढला गेला. जँगोची गोष्ट मला त्याहून जवळची वाटते, कारण ती वर्तमानपत्राच्या कचेरीतली आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं गाव आहे. तिथल्या लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या दैनिकाच्या वेब विभागात एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये पीएचपी सोडून पायथन धरलं. बातमीदाराने सकाळी सुचवलेलं पान संध्याकाळी वाचकापुढे हवं, अशा धबडग्यात ते काम करत. जँगोचा तो प्रसिद्ध ॲडमिन विभाग याच गरजेतून आला. मजकूर भरायला उपसंपादकांना एक पडदा हवा होता, आणि तो प्रत्येक वेळी नव्याने लिहायला कुणाला सवड नव्हती. जुलै २००५ मध्ये जँगो सगळ्यांसाठी खुलं झालं.

आता माझ्या आवडीच्या वळणावर येतो. छोट्या फ्रेमवर्कची बाजू मी सुरुवातीपासून घेतली आहे, व्याख्यानांत घेतली, मासिकांत घेतली, आणि आजही घेतो. या घराण्याचं मूळ एका कागदात आहे. डिसेंबर २००३ मध्ये फिलिप एबीने पायथनच्या मंडळींपुढे पेप ३३३ हा प्रस्ताव मांडला. त्यातून आलेल्या संकेताचं नाव डब्ल्यूएसजीआय. वाचायला रूक्ष आहे, पण त्याचा गाभा एका वाक्यात मावतो: सर्व्हर तुमच्या फंक्शनला हाक मारेल, हातात दोन गोष्टी देईल, विनंतीची माहिती असलेला एक कोश आणि उत्तराचे मथळे कळवण्यासाठी एक फंक्शन, तुम्ही बाइट परत करा. बाकी काही नाही. सर्व्हर आणि फ्रेमवर्क यांची गाठ एकदा अशी सुटी झाल्यावर स्वतःचं फ्रेमवर्क ही आवाक्याबाहेरची गोष्ट उरली नाही.

या संकेताचं खरं मोल मला मराठी मजकुरावर कळलं, आणि ते मी शिकाऊ मुलांना नेहमी करून दाखवतो. पायथन ३ मध्ये उत्तर म्हणून 'मराठी' हा शब्द पाठवायचा आहे. स्ट्रिंगची लांबी विचारली तर पायथन सांगतं पाच: म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी. नवशिका तोच पाचाचा आकडा कंटेंट-लेंग्थच्या मथळ्यात घालतो. ब्राउझर पाच बाइट वाचतो आणि थांबतो. युटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं, त्यामुळे पडद्यावर येतो एक 'म' आणि त्यापुढे प्रश्नचिन्हाचा काळा चौकोनी शंकरपाळा. 'र'चे दोन बाइट पोचले, तिसरा मागे राहिला. लांबी पंधरा हवी होती. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेल्या मुलाला अक्षर आणि बाइट यांतला फरक पुन्हा सांगावा लागत नाही. पीएचपीत पन्नास बाइटांवर कापलेले मराठी मथळे अर्ध्या अक्षरानिशी पहिल्या पानावर झळकताना आपण सगळ्यांनी वर्षानुवर्षं पाहिले. आयत्या फ्रेमवर्कच्या पोटात ही गाठ झाकलेली असते, म्हणून ती कुठे सुटली ते कुणाला उमगत नव्हतं.

त्या काळी पायथनमध्ये फ्रेमवर्कचं इतकं पीक आलं, की खुद्द पायथनचा जनक गीदो व्हान रॉसुमने २००६ च्या सुरुवातीला जाहीरपणे विचारलं, यांतलं मी कोणतं शिकू? टीकाकारांनी याला बेशिस्त म्हटलं. मला तो बहर वाटतो. ॲरन स्वार्ट्झचं वेब डॉट पाय त्याच सुमाराला खुलं झालं, आणि तेही कामातूनच आलेलं. २००५ च्या डिसेंबरात रेडिट लिस्प सोडून पायथनमध्ये नव्याने लिहिलं गेलं, ते त्याच्याच आधारावर. रुबीत ब्लेक मिझेरानीने २००७ मध्ये सिनात्रा आणलं, ज्यात पत्ता आणि त्याचं उत्तर तीन ओळींत लिहून मोकळं होता येतं. मार्सेल हेलकॅम्पचं बॉटल अख्खं एका फाइलीत मावतं. आणि १ एप्रिल २०१० ला आर्मिन रोनाखरने गंमत म्हणून एका फाइलीतलं एक खोटं फ्रेमवर्क जाहीर केलं, आपल्याच जुन्या लायब्रऱ्या त्यात कोंबून. लोकांनी ते इतकं मनावर घेतलं, की त्यातूनच खरंखुरं फ्लास्क उभं राहिलं. त्याखालची वर्कझॉइग आणि जिन्जा ही दोन्ही अंगं त्याने आधीच स्वतःच्या कामासाठी घडवली होती, म्हणून ते शक्य झालं. फ्लास्कमध्ये डेटाबेस नाही, ॲडमिन नाही, याला काही जण आजही उणीव म्हणतात. काय घ्यायचं ते लिहिणाऱ्याने ठरवायचं, हाच तर त्याचा गुण.

आपल्या राज्यातलं उदाहरणही कामातून निघालेल्या याच जातीचं आहे. मुंबईच्या रुशभ मेहता यांनी ईआरपीनेक्स्ट उभं केलं, आणि त्याच्या पोटातून फ्रॅपे हे फ्रेमवर्क आलं. जँगो तेव्हा हाताशी होतं, तरी त्यांनी आपली वाट धरली, कारण त्यांचं काम वेगळं होतं. हिशेब, साठा, खरेदी-विक्री यांचे ढीगभर फॉर्म, आणि प्रत्येक कारखानदाराला त्यात दोन रकाने जास्त हवे. फ्रॅपेत डॉकटाइप म्हणून रकान्यांचं वर्णन भरायचं. त्यावरून टेबल, फॉर्म आणि कुणाला काय दिसावं याचे नियम तयार होतात. हे जँगोवर बेतता आलं असतं, असं म्हणणाऱ्यांनी ते बेतून दाखवलं नाही. फ्रॅपे आज देशोदेशी वापरात आहे.

विरोधकांचा एकच मुद्दा खरा वजनदार आहे, सुरक्षेचा. घरच्या फ्रेमवर्कमधलं भोक शोधायला दुसरं कुणी बसलेलं नसतं. पासवर्ड कसा साठवायचा, फॉर्म खरोखर आपल्याच पानावरून आला का, वाचकाने टाइप केलेल्या मजकुरातून स्क्रिप्ट तर घुसत नाही ना, यांतलं एक जरी सुटलं तरी गिऱ्हाइकाचं घर उघडं पडतं. हे मी पूर्ण मान्य करतो. पतसंस्थेचं किंवा दवाखान्याचं काम असेल, तर सत्र आणि पासवर्ड सांभाळणारा भाग तावूनसुलाखून निघालेलाच घ्यावा, याबाबत माझ्या मनात शंका नाही. पण आयत्याची ही पुण्याई एका रात्रीत जमलेली नाही. टेम्प्लेटमधला मजकूर आपोआप निर्धोक करण्याची सोय जँगोत २००८ च्या १.० मध्ये आणि रेल्समध्ये २०१० च्या तिसऱ्या आवृत्तीत आली. शिवाय दुरुस्ती निघाली म्हणजे ती लागली असं होत नाही. स्ट्रट्समधलं भोक मार्च २०१७ मध्ये जाहीर झालं, दुरुस्तीही सोबतच आली. लोकांच्या पतीची नोंद ठेवणाऱ्या इक्विफॅक्स या अमेरिकन कंपनीने ती वेळेत लावली नाही, आणि मे ते जुलैच्या दरम्यान सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली. आयतं घेणाऱ्यालाही ते कुठे कुठे वापरलंय याची नोंद ठेवावीच लागते, आणि ती ठेवायला आतलं समजावं लागतं.

घरचं म्हणून सगळंच मी उचलून धरत नाही. जोएल स्पोल्स्कीच्या कंपनीने फॉगबग्झ या चुका नोंदवण्याच्या आपल्या सॉफ्टवेअरसाठी वसाबी नावाची स्वतःची भाषाच केली आणि पुढे तिचा त्याग करावा लागला. मोठ्या पैशाच्या कंपन्या भाषा, कंपायलर, सगळं पोसू शकतात. सहा माणसांच्या कचेरीने जेवढं सहा माणसांना पेलतं तेवढंच घरचं ठेवावं.

ब्राउझरकडच्या फ्रेमवर्कबद्दल लिहिताना मात्र माझा जीव तुटतो. २००६ मध्ये जॉन रेसिगचं जेक्वेरी आलं तेव्हा ते अर्ध्या दिवसात शिकता येई. जेरेमी ॲश्केनासचं बॅकबोनही डॉक्युमेंटक्लाउडच्या कामातून निघालेलं, वाचून संपवता येण्याजोगं. मग अँग्युलर आलं, २०१३ मध्ये रिॲक्ट आलं, २०१४ मध्ये एव्हान यूचं व्ह्यू आलं. अँग्युलरची दुसरी आवृत्ती सप्टेंबर २०१६ मध्ये आली ती पहिलीशी नातं तोडूनच, आणि पहिलीचा सांभाळ २०२१ च्या अखेरीला थांबला. ज्यांनी 'मोठ्या कंपनीचं आहे, टिकेल' म्हणून ते घेतलं होतं, त्यांना तोच पडदा दुसऱ्यांदा लिहावा लागला, आणि त्याचे पैसे गिऱ्हाईक देईना. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाची अकरा ओळींची लायब्ररी लेखकाने सामाईक भांडारातून काढून घेतली आणि जगभरात तिच्यावर उभ्या प्रकल्पांचे बिल्ड कोसळले. डावीकडे रिकाम्या जागा भरण्यापुरतं हे काम. ते स्वतः लिहावं, असं हजारो जाणत्या माणसांना वाटलं नाही.

आज पुण्यातल्या क्लासमधून मुलं चार नावं एकत्र जोडलेला स्टॅक शिकून बाहेर पडतात. एक आज्ञा दिली की शेकडो फोल्डर उतरतात, आणि त्यांतला एकही उघडून बघितलेला नसतो. आता तर कोड लिहून देणारी साधनं आली आहेत. ती सर्रास चलतीतलंच फ्रेमवर्क सुचवतात आणि मूल ते डोळे मिटून घेतं. एचटीटीपीचा मथळा म्हणजे काय, असं मुलाखतीत विचारलं तर समोरचा हुशार मुलगा गप्प बसतो. दोष त्याचा नाही. त्याला ते कुणी दाखवलंच नाही.

म्हणून माझी एक ठोस सूचना आहे. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला एक सत्रभर प्रत्येकाने स्वतःचं फ्रेमवर्क लिहावं. डब्ल्यूएसजीआयवर सुरुवात करावी. आधी पत्त्यावरून फंक्शन शोधणं, मग मजकूर निर्धोक करणारं टेम्प्लेट, मग कुकी आणि सत्र, मग फॉर्मचं रक्षण. त्यावर गावातल्या एखाद्या वाचनालयाचं देवघेवीचं काम चालवून दाखवावं, मराठी नावांसकट. त्यानंतर बॉटलची ती एक फाइल छापून घ्यावी, आणि आपलं कुठे तोकडं पडलं ते ओळीओळीवर पेन्सिलने लिहावं. पुण्यातल्या ज्या महाविद्यालयाला हे करायचं असेल त्यांनी या अंकाच्या पत्त्यावर कळवावं. पुढच्या सत्रात दर शनिवारी येऊन शिकवायची माझी तयारी आहे.