व्हायोलिनचा आत्मा, तंबोऱ्याचा जीव

व्हायोलिनच्या पोटात पातळ लाकडी दांडी उभी असते, डिंकाने न चिकटवता नुसती दाबून बसवलेली. तारांची थरथर ती वरच्या फळीकडून तळाच्या फळीला पोहोचवते. केसभर सरकली तरी आवाज बदलतो. फ्रेंच कारागीर तिला ‘आत्मा’ म्हणतात! व्हायोलिन घडवणाऱ्यांच्या मिरेकूर गावात 1798 साली जन्मलेल्या झाँ-बाप्तिस्त व्हियोमने पॅरिसमध्ये इटालियन व्हायोलिनकार स्त्रादिवारीच्या वाद्यांच्या अप्रतिम प्रतिकृती घडवल्या. त्याने घडवलेली व्हायोलिनं आजही वाजतात.

आपलं मिरेकूर म्हणजे मिरज. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तिथे तंतुवाद्यं घडवायला घेतली. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवला, की सूर खुलतो, घुमतो. त्या धाग्याला म्हणतात ‘जीव’.