स्प्लिट होरायझन: ज्याने सांगितलं, त्यालाच परत सांगू नका

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका क्लायंटचा फोन आला: "दोन्ही ब्रांचमधून हेड ऑफिस दिसतंय, पण ब्रांचना एकमेकी दिसत नाहीत." केबल ठीक, फायरवॉल ठीक. माझी अख्खी दुपार गेली. कारण निघालं स्प्लिट होरायझन.

हे आहे तरी काय? आरआयपी प्रोटोकॉलमध्ये राउटर दर ३० सेकंदांनी शेजारच्या राउटरला सांगतो, कोणतं नेटवर्क किती हॉपवर आहे. हॉप म्हणजे वाटेतला एकेक राउटर. समजा, 'ब' राउटरला जोडलेलं नेटवर्क बंद पडलं. तेवढ्यात 'अ' म्हणतो, "माझ्याकडे रस्ता आहे, २ हॉप." गंमत म्हणजे हा रस्ता त्याला 'ब'नेच सांगितलेला! 'ब' विश्वास ठेवून ३ लिहितो, मग 'अ' ४... आकडा १६ झाला की रस्ता बंद मानतात. तोवर पॅकेट दोघांमध्ये टोलवली जातात.

म्हणून नियम: ज्या इंटरफेसवरून रूट कळला, त्याच इंटरफेसवरून तो परत सांगायचा नाही.

आमच्याकडे दोन्ही ब्रांच हेड ऑफिसच्या एकाच टनेल इंटरफेसवर होत्या. पहिलीचा रूट तिथूनच आला, म्हणून दुसरीला गेलाच नाही. त्या इंटरफेसवर स्प्लिट होरायझन बंद केलं आणि काम झालं.

पण सरसकट बंद करू नका, लूपचा धोका परत येतो. शक्य असेल तर प्रत्येक ब्रांचला वेगळा टनेल द्या. आणि केबल उपसण्याआधी राउटिंग टेबल बघा. माझी दुपार तिथेच वाचली असती.