उपग्रहाच्या कक्षेचा जमाखर्च



आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, गुरुत्वलहरी टिपणारी लायगो-इंडिया ही प्रयोगशाळा मंजूर झाली आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांचा खर्च मंजूर केला. एकमेकींशी काटकोनात असलेल्या, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, असे तिचे स्वरूप आहे. एवढे सर्वांनी वर्तमानपत्रात वाचले आहे. पण तिथे मोजणार काय, असे विचारले की चावडीवर शांतता पसरते. ते समजण्यासाठी आधी एक लहानसा हिशेब यावा लागतो : उपग्रह एका कक्षेतून दुसऱ्या कक्षेत गेला, तर त्याच्या स्थितिज ऊर्जेत किती फरक पडतो? आज आम्ही तेवढाच मांडणार आहोत.

आम्ही महाविद्यालयाची पायरी चढलेलो नाही. हमाल-मापाड्यांची संघटना बांधण्यात आमची हयात गेली. त्या कामाने एक गोष्ट मात्र पक्की शिकवली : हिशेबाची वही दुसऱ्याच्या हाती आणि आपण नुसते अंगठा देणारे, ही स्थिती माणसाने चालवून घेऊ नये. विज्ञानाच्या वहीलाही हाच न्याय लागू आहे.

प्रारंभ मोंढ्यापासून करू. पन्नास किलोचे पोते दोन मीटर उंच थप्पीवर चढविले, तर वजन, गुरुत्वाचा आकडा ९.८ आणि उंची यांचा गुणाकार ९८० ज्यूल येतो. ही ऊर्जा त्या पोत्याच्या ठायी साठून राहते. हीच स्थितिज ऊर्जा. विजेच्या बिलातले एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. एवढ्या ऊर्जेत तशी सुमारे ३,७०० पोती चढतील. थप्पीचा वरचा थर लावण्यास हमाली अधिक का मागतात, याचे उत्तर याच गुणाकारात आहे. येलदरीच्या धरणातले पाणी खाली पडून वीज देते, तेथेही हाच हिशेब चालतो.

उपग्रहाला मात्र तो चालत नाही. थप्पीच्या पायथ्याशी आणि माथ्याशी पोत्याचे ओझे सारखेच असते, म्हणून साधा गुणाकार पुरतो. उपग्रह हजारो किलोमीटर वर जातो आणि तेथे पृथ्वीची ओढ कमी होत जाते. पृथ्वीची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आहे. केंद्रापासूनचे अंतर दुप्पट झाले की ओढ चौथाई होते, तिप्पट झाले की नववा हिस्सा. म्हणून पायरीपायरीने बेरीज करावी लागते. गणितज्ञांनी ती करून एक सोपा नियम हाती दिला आहे. एखादी वस्तू पृथ्वीच्या ओढीतून पुरती सोडवावयाची, तर लागणारी ऊर्जा म्हणजे त्या ठिकाणची ओढ गुणिले केंद्रापासूनचे अंतर. हिला आपण ‘पृथ्वीचे देणे’ म्हणू. ग्रंथांत स्थितिज ऊर्जा उणे चिन्हाने लिहितात, ती या देण्यामुळेच.

आता एका किलोचा हिशेब पाहा. जमिनीवर ओढ ९.८ आणि अंतर ६३,७८,००० मीटर. गुणाकार सुमारे सव्वासहा कोटी ज्यूल, म्हणजे १७.४ युनिटे. अंतर दुप्पट झाले तर ओढ चौथाई, म्हणून देणे निम्मे. सारांश, अंतर जितक्या पट वाढेल तितक्या पट देणे घटते. ४०० किलोमीटर उंचीवर, म्हणजे केंद्रापासून ६,७७८ किलोमीटरवर, ते १६.३४ युनिटे भरते. भूस्थिर कक्षेत, म्हणजे केंद्रापासून ४२,१६४ किलोमीटरवर, ते २.६३ उरते. फरक १३.७१ युनिटे. उपग्रह खालच्या कक्षेतून भूस्थिर कक्षेत नेला, तर दर किलोमागे स्थितिज ऊर्जा इतकी वाढते. थप्पीचा गुणाकार येथे वापरला असता तर उत्तर ९६ युनिटे आले असते, खऱ्याच्या सातपट!

पण वहीचे हे एकच पान झाले. उपग्रहाच्या हाती रोकडही असते, ती त्याच्या वेगाची, म्हणजे गतिज ऊर्जा. वर्तुळाकार कक्षेत पृथ्वीची ओढ त्याला वळविण्यातच खर्ची पडते. या अटीतून असे निघते की वेगाची ऊर्जा ही देण्याच्या बरोबर निम्मी असते, कमी नाही की जास्त नाही. खालच्या कक्षेत देणे १६.३४, रोकड ८.१७, वेग सेकंदाला ७.६७ किलोमीटर. भूस्थिर कक्षेत देणे २.६३, रोकड १.३१, वेग ३.०७ किलोमीटर. म्हणजे १३.७१ युनिटांच्या चढणीपैकी ६.८६ युनिटे उपग्रहाने आपल्या वेगातून भागविली आणि उरलेली तितकीच बाहेरून, इंजिनाने पुरविली. रॉकेटात प्रत्यक्ष जळणारे इंधन याहून पुष्कळ अधिक असते, कारण पुढच्या खेपेचे इंधनही त्याला वाहावे लागते आणि बरीच ऊर्जा झोताबरोबर निघून जाते.

आता गंमत पाहा. वर जाण्यासाठी इंजिन दोनदा पुढे ढकलते. जर्मन अभियंता वाल्टर होमान याने हा मार्ग १९२५ साली मांडला. पहिल्या धक्क्याने वेग ७.६७ वरून १०.०७ होतो आणि उपग्रह लांबोळक्या कक्षेत शिरतो. चढता चढता वेग देण्यात जिरून माथ्यावर १.६२ उरतो. तेथे दुसरा धक्का देऊन तो ३.०७ करावयाचा. दोनदा वेग वाढविला, तरी शेवटी गाडी पूर्वीपेक्षा हळूच! बैलगाडीवर ठेवलेल्या ‘ॲपल’ उपग्रहाचे छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल. तो १९ जून १९८१ रोजी एरियन रॉकेटाने लांबोळक्या कक्षेत सोडला गेला. तेथून भूस्थिर कक्षेकडे नेणारा धक्का भारतात बनलेल्या मोटरने दिला. मंगळयानानेही ५ नोव्हेंबर २०१३ च्या उड्डाणानंतर एकदम झेप घेतली नाही. हप्त्याहप्त्याने कक्षा वाढवीत त्याने महिनाअखेरीस पृथ्वीचे देणे फेडले.

उलट दिशेने मात्र सावध राहावे. ४०० किलोमीटरवरही विरळ हवा असते; ती उपग्रहाला घासते. घर्षणाने तो मंद होईल अशी आपली समजूत. प्रत्यक्षात तो खाली सरकतो आणि अधिक वेगाने धावू लागतो. ३०० किलोमीटरवर आला की वेग ७.७३ होतो. देणे पाव युनिटाने वाढलेले असते. त्यातले निम्मे वेगात आले, निम्मे उष्णता होऊन गेले. सावकाराकडून उचल घेतलेल्या माणसाच्या खिशात पैसा खुळखुळतो, म्हणून तो सुखवस्तू ठरत नाही. आमच्या किती बांधवांची अशी फसगत झालेली आम्ही पाहिली आहे! नुसती रोकड पाहू नये, देणेही पाहावे.

आणि येथेच आपण औंढ्याला पोचतो. १९७४ साली रसेल हल्स व जोसेफ टेलर यांना एकमेकांभोवती पावणेआठ तासांत फिरणारी ताऱ्यांची एक जोडी सापडली. तिच्या फेरीचा काळ दर वर्षी सेकंदाच्या सुमारे ७६ दशलक्षांशांनी घटतो. तेथे घासणारी हवा नाही, तरी तारे जवळ येत आहेत आणि त्यांचा वेग वाढत आहे. मग निम्मी ऊर्जा गेली कोठे? आइन्स्टाइनच्या सिद्धांताप्रमाणे ती गुरुत्वलहरी होऊन निघून जाते आणि मोजलेली घट त्या हिशेबाशी जुळली. १९९३ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. अशी लहर प्रत्यक्ष टिपली गेली ती १४ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेतल्या दोन लायगो यंत्रांवर. ती दोन कृष्णविवरांच्या मीलनाची होती. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांचीही टिपली गेली. आपल्या जिल्ह्यात जे मोजले जावयाचे ते हेच, वहीतले निघून गेलेले निम्मे.

अशा मोठ्या कामाच्या वेळी भोवतालच्या लोकांच्या वाट्यास खोदाई आणि पहारा येतो. त्या कामात कमीपणा नाही, पण तेवढ्यावर आम्ही समाधान मानू नये. १७.४ गुणिले ६,३७८, भागिले केंद्रापासूनचे किलोमीटर. हे नववीच्या मुलामुलींना सहज येते. आज घरी गेल्यावर त्यांना चंद्राचे अंतर, ३,८४,४०० किलोमीटर, घालून देणे काढावयास सांगा. पाव युनिटाच्या किंचित वर उत्तर आले की समजा, वही त्यांच्या हाती आली.