भुरी कुठाय?

कोंबडा मान तिरकी करून एका डोळ्यानं आभाळ बघतो आणि बारीक, लांबट आवाज काढतो. दुसऱ्या क्षणी अंगण रिकामं. पिल्लांची आई तुराट्यांच्या भाऱ्याखाली घुसते, तलंगा ज्वारीत शिरतात, एक पांढरी कोंबडी मात्र गोंधळून जागेवरच फिरते. कडुलिंबाच्या शेंड्याला घासून शिक्रा जातो. त्याच्या पंज्यात काही नाही.

"आला व्हता. गेला," आक्का म्हणतात. सुपातल्या कण्यांवरची नजर त्यांनी काढलेली नाही.

परंड्याहून सीना-कोळेगाव धरणाकडे जाणारा रस्ता सोडून आत आलं की ही वस्ती लागते. दोन खोल्या, शेळ्यांचा गोठा, गेल्या साली रचलेली आणि आता निम्मी उरलेली कडब्याची गंजी, आणि तिन्ही बाजूंनी निसवलेली मालदांडी. पौष चालू आहे. बोअरच्या पाण्यावर थोडा ऊस, बाकी ज्वारी-हरभरा. गोठ्यात उस्मानाबादी शेळ्या. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं तरी शेळीचं अजून कुणी बदललेलं नाही. कोंबड्या शेळ्यांच्या पायांत फिरतात, लोंबणाऱ्या कानाजवळचे गोचीड टिपतात आणि शेळ्या ते खुशाल टिपू देतात.

मी बाजेवर बसून त्या कोंबड्याकडे बघत राहतो. थोड्या वेळानं तो पुन्हा ओरडतो, पण हा आवाज निराळा आहे: तुटक, खणखणीत, कटाक्-कटाक्. या खेपेला कुणी लपत नाही. सगळ्या माना ताठ करून बांधाकडे बघतात, दोघी-तिघी उडून गोठ्याच्या आढ्यावर बसतात. बांधावरून मुंगूस चाललंय. आभाळातल्या वैऱ्याची हाळी वेगळी, भुईवरच्याची वेगळी. लोक ज्याला राखण म्हणतात त्यातली निम्मी कोंबड्या स्वतःच करतात, असं माझं मत होत चाललंय.

निम्मीच, कारण ज्वारी दोघांनाही आसरा देते. शिक्र्यापासून कोंबडी लपते त्याच ताटांत मुंगूसही दबा धरतं. म्हणून आक्कांनी खुराड्याभोवती दहा-बारा पावलं जमीन खरडून मोकळी ठेवली आहे. तिथं येणाऱ्याला उघड्यावरूनच यावं लागतं.

"येडशीला वाघ आला तवा लई गोंधळ झाला बगा," आक्का सांगतात. टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत येडशी-रामलिंगच्या अभयारण्यात आलेल्या वाघाबद्दल त्या बोलताहेत. "सगळे म्हनायचे, आक्का, राती भाईर निगू नका. म्या म्हनलं, वाघ काय कोंबडीला येतोय व्हय? माजा वाघ हितं हाय," आणि त्या बोटानं बांध दाखवतात.

खुराडं नीट बघण्यासारखं आहे. दगड-मातीच्या ओट्यावर शहाबादी फरशी, वर पत्रा, पत्र्यावर उसाचं पाचट. भिंतीच्या बुडाशी वीतभर रुंद चर खणून त्यात गोटे आणि फुटक्या बाटल्यांच्या काचा भरल्या आहेत, म्हणजे घूस उकरत आली तरी तिथंच अडेल. परंड्याच्या किल्ल्याला खंदक आहे, आक्कांच्या खुराड्याला हा आहे. हवेच्या झरोक्याला अर्ध्या इंचाची जाड वेल्ड जाळी. बाजारात "कोंबडीजाळी" म्हणून मोठ्या भोकांची जी पातळ जाळी मिळते, ती कोंबडीला आत ठेवते एवढंच. तिच्यातून उंदीर येतो, साप येतो, आणि रानमांजर पंजा घालून झोपलेल्या कोंबडीची मान ओढतं. तरीही सगळे तीच विकत घेतात, कारण ती स्वस्त आहे.

दिवस मावळतीला लागतो तशा कोंबड्या न बोलावता परतू लागतात. अंधारात त्यांना धड दिसत नाही, त्यामुळे उजेड असेपर्यंतच जागा धरायची त्यांची घाई. आत बाभळीच्या दांड्या आडव्या टाकल्या आहेत आणि दांड्यांच्या टोकांना जळकं ऑइल चोपडलंय, पिसवा चढू नयेत म्हणून. वरची दांडी कुणाची यावरून चोचाचोची होते. थोराड वनराज कोंबड्या उडत नाहीत, त्या खालच्याच दांडीवर धापा टाकत चढतात. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं तयार केलेली ही जात. गावरान कोंबडी वर्षाला ६०-७० अंडी देते, तर ही शंभराच्या पुढं जाते. मघाशी अंगणात गोंधळून फिरणारी पांढरी मात्र कुण्या पोल्ट्रीतून आलेली आहे. आक्का तिच्याकडं बघून नुसती मान हलवतात.

दार लावण्याआधी आक्का आत वाकून बघतात. मोजत नाहीत, नुसती नजर फिरवतात.

"भुरी कुठाय?"

नातू गोठा बघून येतो. नाही. उकिरड्यावर नाही, चुलीमागं नाही. बांध काळा पडलाय. मला त्या मुंगसाची आठवण होते, पण मी बोलत नाही. आक्का मात्र शांतपणे गंजीभोवती फिरतात, एका जागी थांबतात, कडब्याची पेंढी बाजूला करतात. आतून गुरगुरल्यासारखा आवाज येतो. भुरी पिसं फुगवून, पसरून बसली आहे.

"खुडूक झालीया. चार दिस झालं, हिचं अंडं दिसत न्हवतं."

आक्का तिला लगेच उचलत नाहीत. "आंधार पडू द्या. उजेडात हलवली तर पुन्हा पळून हितंच येतीया." तोवर नातू गंजीपाशी पहारा करतो, मोबाइलवर गाणी लावून.

काळोख दाटल्यावर आक्का पेंढी सारतात, भुरीच्या पोटाखाली दोन्ही हात घालतात आणि तिला उचलून घरात आणतात. भुरी एक शब्द काढत नाही. कोपऱ्यात बांबूचं डालगं आधीच तयार आहे: तळाशी राख, वर भुसा, भुशात एक कोळसा आणि लोखंडी खिळा. विजेच्या कडकडाटानं अंडी बिघडू नयेत म्हणून तो खिळा. पौषात कुठली वीज, पण आक्का तो ठेवतातच.

गंजीतली अंडी कधीची आहेत याचा भरवसा नाही. आक्का ती बादलीतल्या पाण्यात सोडतात. बुडतात ती स्वयंपाकाला, तरंगतात ती उकिरड्याला. भुरीखाली जातात ती निराळीच: चार-पाच दिवसांत गोळा करून ठेवलेली वनराज कोंबड्यांची अंडी. प्रत्येकावर कोळशाची रेघ, म्हणजे नंतर भुरीनं स्वतःचं एखादं घातलं तर ओळखू यावं.

शेजारच्या डालग्यात दुसरी एक कोंबडी आठवडाभरापासून बसली आहे. आक्का तिच्याखालून एकेक अंडं काढतात, नातू मोबाइलची बॅटरी मागून धरतो. पहिल्या अंड्यात तांबड्या शिरांचं जाळं आणि मधे हलणारा ठिपका. दुसरं तसंच. तिसरं नितळ पिवळं, आरपार.

"वांझ. काडा भाईर."

इथं मला या सगळ्या संसाराचा हिशोब कळतो. वनराज अंडी भरपूर देते, पण बसत नाही; जास्त अंड्यांसाठी निवड करता करता खुडूक होण्याची ओढ मागं पडत गेली. नुसत्या तशाच कोंबड्या पाळल्या तर दर वर्षी पिल्लं विकत आणावी लागतात, नाहीतर उबवणीचं यंत्र आणि वीज हवी. अंड्याचा धंदा करणाऱ्याला खुडूक कोंबडी म्हणजे तोटा. तिला थंड पाण्यात बुचकळून, टोपलीखाली उपाशी कोंडून पुन्हा अंड्यावर आणायची गावोगावची रीत आहे. आक्कांच्या वस्तीवर भुरीचं बसणं हेच भांडवल: २१ दिवसांचं यंत्र, वर पिल्लांना चरायला शिकवणारी आणि शिक्रा ओळखायला लावणारी बाई फुकट. मघाची पांढरी अंगणात तशी का फिरत होती, तेही आता लक्षात येतं. ती आईविना वाढलेली आहे.

"पन ह्या पिल्लांतली एखादी तरी खुडूक बसाया पायजे," आक्का म्हणतात. "बाप गावरान हाय. म्हून कोंबडा इकत न्हाय मी."

खाणंही बहुतेक वस्तीवरचंच. सकाळी मूठभर कण्या, बाकी उकिरडा, गोठा, बांध. लहान पिल्लांसाठी जुन्या मडक्यात ओलं शेण आणि काडीकचरा भरून ते वारुळाजवळ रात्रभर पालथं घालायचं. सकाळी ते वाळवीनं भरलेलं असतं आणि पिल्लं त्यावर तुटून पडतात. अंड्यांची टरफलं भाजून, चुरून परत कोंबड्यांनाच. न चुरता टाकली तर अंडं फोडून खायची खोड लागते.

एक गोष्ट मात्र वस्तीवर होत नाही. मानमोडी, म्हणजे राणीखेत, आली की मुंगसानं वर्षभरात न्यावं त्याहून जास्त ती आठवड्यात नेते. तिच्यावर औषध नाही, फक्त लस. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, पुढं दोन महिन्यांच्या सुमाराला मोठ्या लशीची सुई. बाटली शंभर कोंबड्यांची येते, थर्मासात बर्फ घालून आणावी लागते, आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. एका वस्तीवर शंभर कोंबड्या कुणाच्याच नाहीत.

त्यामुळे जेवणं झाल्यावर आक्का फोन घेऊन बसतात. थोरला मुलगा उद्या परंड्याहून लस आणणार आहे.

"सांजच्याला या, कोंबड्या डालून आना... न्हाय, पैशाचं मागनं बगू. तुजी किती हायत?... आरं वीस-पंचवीस काय, नीट मोजून सांग. बाटली वाया जाती."

पलीकडचा काहीतरी उलट विचारतो. आक्का क्षणभर गप्प होतात.

"माजी व्हय? हायत की सगळी."