यार्डापाशी हरवलेली पॅसेंजर

चरोदा म्हणजे भिलाईचं मार्शलिंग यार्ड. इथे एका आलेखात अनेक रेषा म्हणजे काय हे सांगायला शेअर बाजार लागत नाही, रेल्वेचा कंट्रोल चार्ट पुरतो. आडवी वेळ, उभी स्टेशनं, प्रत्येक गाडीची एक तिरकी रेष. रेष जितकी उभी तितका वेग जास्त. रेष आडवी झाली की गाडी उभी! पूर्वी सेक्शन कंट्रोलर हा चार्ट हातानं ओढत, आता संगणक ओढतो. हाच चार्ट ‘आर’ या संगणकभाषेत काढायला बसलं की काही समज आडवे येतात.

जितक्या गाड्या तितक्या वेळा ‘प्लॉट’ हा आदेश लिहायचा, हा पहिला. ‘प्लॉट’ दरवेळी कोरा कागद घेतो. तो पहिल्या गाडीपुरता, पुढच्यांना त्याच कागदावर रेष जोडणारा ‘लाइन्स’.

हे कळलेलेही पुढच्या वळणावर फसतात. नवी रेष आली की अक्ष आपोआप वाढेल असं त्यांना वाटतं. समजा पहिली मालगाडी रायपूरहून निघून चरोद्याच्या यार्डात संपली. अक्षही तिथेच संपला, वर जेमतेम चार टक्के मोकळी जागा. आता कुम्हारी, चरोदा, भिलाई-३ करत दुर्गला जाणारी पॅसेंजर ‘लाइन्स’नं काढा. यार्ड ओलांडताच ती चौकटीला लागून नाहीशी होते. चूक दाखवणारा संदेश नाही, काही नाही. म्हणून सगळ्या गाड्यांचा पल्ला आधी पाहून ‘वाय-लिम’ (उभ्या अक्षाची मर्यादा) पहिल्याच ‘प्लॉट’मध्ये द्यायचा.

यावर ‘पार’मध्ये ‘न्यू’ खरं करण्याचा, म्हणजे त्याच कागदावर दुसरा ‘प्लॉट’ चढवण्याचा, तोडगा हमखास सुचवला जातो. माझ्या मते तो रोगापेक्षा वाईट. पॅसेंजर दिसते खरी, पण स्वतःची मोजपट्टी घेऊन येते. एकीचा चरोदा आणि दुसरीचं दुर्ग एकाच उंचीवर! मग रेषा जिथे छेदतात तिथे गाड्या भेटतच नाहीत. याउलट आलेखकार विल्यम प्लेफेअरनं १७८६ मध्ये इंग्लंडची आयात आणि निर्यात एकाच आलेखात काढली ती दोन्ही पौंडांत मोजून. म्हणूनच रेषांमधल्या जागेत व्यापाराची तूट किंवा वाढावा वाचता येतो.

‘आर’चं ‘जीजीप्लॉट२’ हे पॅकेज घेतलं की सगळं सुटतं, हाही भ्रमच. अक्ष ते सांभाळतं, रेषांची सूचीही स्वतः करतं. पण गाडी क्रमांक हा आकडा दिसतो म्हणून ते त्याला संख्याच समजतं, आणि सगळ्या गाड्यांची मिळून करवतीच्या दात्यांसारखी एकच रेष काढतं. क्रमांक हे गाडीचं नाव आहे, हे ‘फॅक्टर’ करून सांगावं लागतं.

राहिली मध्यरात्र. २३:५० ला कुम्हारी सोडलेली गाडी ००:१० ला पुढच्या स्टेशनावर पोचली, तर ‘लाइन्स’ ती रेष सबंध कागद ओलांडून उलटी, आदल्या पहाटेत नेतं. बारानंतरची मिनिटं शून्यापासून न मोजता दिवसभराच्या १४४० च्या पुढे मोजा. ००:१० म्हणजे १४५०.