भाकरी गोलच होती!

“ही बाई भाकरी अशी लांबट का थापते रे?” आईनं विचारलं.

टीव्हीवर पाककृतींचा कार्यक्रम चालू होता. आईचं वय सत्त्याऐंशी. आयुष्यात तिनं किती भाकऱ्या थापल्या असतील याचा हिशेब मी बँकेत नोकरी करूनही मांडू शकणार नाही. पण परातीत फिरता फिरता तिच्या हाताखाली पिठाचा गोळा कसा चंद्रासारखा गोल होत जातो, ते मी लहानपणी चुलीपाशी, मग स्टोव्हपाशी आणि पुढं गॅसपाशी उभं राहून पाहत आलो आहे. भाकरीच्या आकाराबद्दल ती काही म्हणाली तर ते ऐकायला हवं होतं. मी पेपरातून डोकं वर न काढता म्हणालो, “अगं, हल्ली सगळंच नव्या पद्धतीचं!”

ही २०२३ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. पाडव्याला आम्ही बत्तीस इंची नवा टीव्ही घेतला होता. जुना, पाठीला पोक असलेला, दोघांना मिळून उचलावा लागणारा टीव्ही भंगारवाल्याकडे गेला. नवा भिंतीवर तसबिरीसारखा टांगला गेला. केबलचा बॉक्स मात्र जुनाच ठेवला. चालतोय ना, मग कशाला बदला, हा आमच्या पिढीचा शिरस्ता.

भाकरीनंतर चार दिवसांनी आई म्हणाली, “बातम्या देणारी ती मुलगी किती सुटलीय!” मग मालिकेतली सासू सुटली, सूनही सुटली, उंचापुरा गोलंदाज तिला बुटका वाटायला लागला. “आई, तुमचा चष्मा बदलायला झालाय बहुतेक,” बायको म्हणाली. “आजी, सगळ्यांनी जिम सोडलंय!” म्हणून नातू हसला. आम्हीही हसलो.

मग एका रविवारी दुपारी ‘सांगत्ये ऐका’ लागला. अनंत माने यांचा १९५९ सालचा हा तमाशापट पुण्याच्या विजयानंदमध्ये दोन वर्षांहून अधिक काळ चालला होता. माझ्या वेळी पोटुशी असताना आईनं तो तिथंच पाहिला होता आणि ही गोष्ट ती दर वर्षी माझ्या वाढदिवसाला सांगते. मी मुद्दाम तिला हाक मारून समोर बसवलं. पाच मिनिटं तिनं पाहिलं आणि म्हणाली, “ही हंसा वाडकर नव्हे.”

माझ्या पोटात खड्डा पडला. चष्म्याचा नंबर वाढणं वेगळं आणि माणसं न ओळखणं वेगळं. त्या रात्री स्वयंपाकघरात मी आणि बायको हलक्या आवाजात बोललो. घरात म्हातारं माणूस असलं की कधी ना कधी असं बोलणं होतंच. विसरभोळेपणा, वय, डॉक्टर, पुढं काय करायचं... आई पलीकडच्या खोलीत जागी होती की झोपली होती, कोण जाणे.

आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया दोन्ही डोळ्यांची झालेलीच होती. डॉक्टरांनी सगळं तपासलं, अक्षरं वाचून घेतली आणि गमतीनं विचारलं, “आजी, मी कसा दिसतो?” आई म्हणाली, “चांगला बारीक आहेस. जेवत जा.” डॉक्टर हसले. “आजींना दिसतं ते बरोबर दिसतं. एकदा तुमचा टीव्हीच तपासून घ्या,” म्हणाले. आम्ही तेही हसण्यावारी नेलं.

त्यानंतर आईनं टीव्ही पाहणं सोडलं. भांडण नाही, तक्रार नाही. खुर्ची गॅलरीकडे वळवली आणि रेडिओ मांडीवर घेतला. मला, खोटं कशाला बोलू, जरा हायसंच वाटलं. तक्रार थांबली म्हणजे प्रश्न सुटला असं समजण्याची सवय काउंटरमागं बसून बसून लागते.

२६ जानेवारीला संचलन पाहताना पडद्यावर तिरंगा जवळून दिसला. त्यातलं अशोकचक्र आडव्या अंड्यासारखं होतं. आता मात्र मी चमकलो. संध्याकाळी पाककृतीचा कार्यक्रम लागल्यावर नातवाच्या कंपासपेटीतली पट्टी घेतली आणि वरून दाखवलेला तवा मोजला. रुंदी २४ सेंटिमीटर, उंची १८. पुन्हा मोजला. तेवढीच.

चोवीस भागिले अठरा. चार-तृतीयांश. प्रत्येक वस्तू रुंदीत एक-तृतीयांशानं फुगलेली. आईला विसर पडला नव्हता, तिचे डोळेही बिघडले नव्हते. आमच्या सहा जणांच्या घरात फक्त तिलाच नीट दिसत होतं.

आता हे चार आणि तीन आले कुठून? त्याची गोष्ट सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सन नावाच्या सहकाऱ्यानं पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर चित्राची चौकट ठरवली. एका चौकटीच्या कडेला चार भोकं. त्यातून चित्राची रुंदी चार तर उंची तीन, असं प्रमाण आलं. मूकपट त्यात निघाले, बोलपटांनी थोडाफार फरक करून तेच ठेवलं, आणि टीव्ही आला तेव्हा त्यानंही तोच आकार घेतला. मग लोक घरीच टीव्ही पाहत बसू लागल्यावर अमेरिकेतल्या सिनेमावाल्यांना घरात मावणार नाही असं काहीतरी दाखवणं भाग पडलं. १९५३ साली ‘द रोब’ या चित्रपटातून सिनेमास्कोपचा रुंद पडदा आला. चित्रीकरण करताना भिंगातून चित्र आडवं दाबायचं आणि दाखवताना दुसऱ्या भिंगातून पुन्हा पसरायचं, अशी त्याची युक्ती. आपल्याकडे गुरुदत्तचा ‘कागज के फूल’ हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट. तोही १९५९चाच, ‘सांगत्ये ऐका’च्या वर्षीचा. आणि त्याच वर्षी १५ सप्टेंबरला दिल्लीत दूरदर्शनची सुरुवात झाली. आमच्या दिवाणखान्यातल्या भांडणातले तिन्ही पक्ष असे एका वर्षी एकत्र आले होते!

पुढं १९८०च्या दशकात सगळ्या आकारांमधली तडजोड म्हणून सोळास नऊ हे प्रमाण पुढं आलं. आज भिंतीवर टांगलेले टीव्ही साधारण याच आकाराचे असतात. चारास तीनचं चित्र त्यात नीट बसवायचं तर दोन्ही कडांना काळे पट्टे येणारच. बत्तीस इंची पडद्यावर ते जवळजवळ नऊ-नऊ सेंटिमीटरचे होतात. पट्टे नको असतील तर दोनच वाटा. चित्र ताणायचं, म्हणजे माणसं जाड होतात. नाहीतर मोठं करून वरून-खालून कापायचं, म्हणजे उंचीचा चौथा हिस्सा जातो. कुणाचा अंबाडा जातो, कुणाच्या खालची बातम्यांची पट्टी जाते.

हे कळल्यावर मी रिमोट घेतला आणि टीव्हीला सांगितलं, चारास तीन. पाककृतीच्या बाई एकदम सडपातळ झाल्या, पण चित्राला चारही बाजूंनी काळी चौकट आली, पाकिटावरच्या तिकिटासारखी. मग ‘झूम’ केलं. बाई ठीक दिसल्या, पण वाहिनी बदलून जुना चित्रपट लावला तर नायकाचं कपाळ गायब. केबलवाल्या मुलाला बोलावलं. तो म्हणाला, “काका, बॉक्स जुना झालाय. एचडी घ्या.” सल्ला वाईट नव्हता, पण रोगाचं नाव त्यानंही सांगितलं नाही.

मी बँकेत काही वर्षं शाखांमधल्या व्यवहारांचा ताळमेळ घालण्याचं काम केलं आहे. एका शाखेनं नोंद केली, दुसरीनं केली नाही, किंवा दोघींनी तीच दोनदा केली, की फरक निघतो. त्या कामाचा पहिला नियम असा, की दोन्हीकडच्या वह्यांत एकाच वेळी हात घालायचा नाही. एक बाजू पक्की करायची, मग दुसरी. मी वहीत रकाने आखले. डावीकडे बॉक्स, उजवीकडे टीव्ही.

बॉक्सच्या मेनूत आत आत गेल्यावर घोळ सापडला. तिथं लिहिलं होतं, टीव्हीचा प्रकार : ४:३. पुण्यात केबल डिजिटल झाली तेव्हा, २०१३ साली, हा बॉक्स जुन्या टीव्हीला जोडला होता. तो टीव्ही भंगारात गेल्याचं बिचाऱ्याला कुणी कळवलंच नव्हतं! समोर चौकोनी पडदा आहे अशा समजुतीनं तो रुंद कार्यक्रमांना वर-खाली काळे पट्टे लावून धाडत होता, आणि नवा टीव्ही ते पट्ट्यांसकट आडवं ताणत होता. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक. फरक निघाला तो मधल्या व्यवहारात.

बरं, बॉक्स आणि टीव्ही एकमेकांना विचारत का नाहीत? तर आमच्याकडे त्यांच्यामध्ये लाल, पांढरी, पिवळी अशा तीन वायरी होत्या. जुन्या साध्या वाहिन्यांच्या चित्रात ५७६ ओळी आणि ओळीत ७२० ठिपके असतात. चित्र चौकोनी असो की रुंद, ठिपके तेवढेच. ते कोणत्या आकारात पसरायचे, ते सांगणारी खूण वेगळी असते. बॉक्सला ती कळते, पण पिवळ्या वायरीतून ती बहुधा पुढं जात नाही. खातेक्रमांक न लिहिता आलेल्या भरणा पावतीसारखं ते चित्र टीव्हीसमोर येतं. टीव्ही मग जे सांगून ठेवलंय तेच करतो.

म्हणून उपाय असा केला. बॉक्सला सांगितलं, टीव्ही सोळास नऊ. त्याच्याखालीच चारास तीनच्या चित्राचं काय करायचं हे विचारलं होतं. तिथं ताणण्याऐवजी कडेला पट्टे लावण्याचा पर्याय निवडला. टीव्हीला सांगितलं, तुला येईल ते पडदाभर दाखव, बाकी डोकं चालवू नकोस. आकाराचा निर्णय एकानंच घ्यायचा, दुसऱ्यानं पुढं पाठवायचा. एवढ्यानं सगळं जमलं. पुढं-मागं एचडी बॉक्स आणि एकाच जाड वायरीची एचडीएमआय जोडणी घेतली, तरी हे दोन्ही मेनू एकदा पाहावेच लागतात. शिवाय बरेच टीव्ही प्रत्येक जोडणीसाठी वेगळी मांडणी लक्षात ठेवतात. तेव्हा बदल करताना पडद्यावर केबलचंच चित्र हवं.

एक मात्र सांगून ठेवतो. कधी कधी वाहिनीच जुना चित्रपट ताणून पाठवते. ते ओळखायचं कसं? कोपऱ्यातल्या चिन्हाकडे बघा. गोल चिन्ह गोलच आहे आणि माणसं तेवढी फुगलेली असतील तर दोष वाहिनीचा. चिन्हही लंबगोल असेल तर दोष आपल्या घरातला.

आता उरलेली एक नोंद. टीव्हीला ताणायला सांगितलं कुणी? मी घरात सगळ्यांना विचारलं. नातू म्हणाला, “आजोबा, तुम्हीच तर.” मग आठवलं. पाडव्याच्या संध्याकाळी पहिल्यांदा टीव्ही लावला तेव्हा कडेला काळे पट्टे दिसत होते. “एवढे पैसे मोजलेत ते रिकामा पडदा बघायला?” असं म्हणून मीच रिमोटवरची बटणं दाबत राहिलो होतो आणि पडदा भरल्यावर विजयी मुद्रेनं बसलो होतो. पैसे वसूल व्हावेत म्हणून मी आख्ख्या जगाला जाड केलं आणि तसं सांगणाऱ्या आईला डॉक्टरकडे नेलं.

मी शाखेत नवा असताना एक निवृत्त शिक्षक पासबुक घेऊन आले होते. दहा रुपये कमी दिसतात, म्हणाले. मी मशीनसारखं उत्तर दिलं, “लेजर बरोबर आहे.” ते तीन वेळा आले. चौथ्या वेळी आलेच नाहीत. वर्षअखेरीला फरक निघाला तेव्हा चूक लेजरमध्येच होती. दहा रुपये त्यांच्या खात्यात जमा केले, पण ते पुन्हा समोर आले नाहीत, त्यामुळं तोंडानं काही सांगायचं राहूनच गेलं. या वेळी तसं राहू द्यायचं नव्हतं.

मी गॅलरीत जाऊन आईपाशी बसलो. म्हणालो, “आई, भाकरी गोलच होती. टीव्ही चुकत होता. म्हणजे, मी चुकलो होतो.”

ती रेडिओ बंद करून बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मला वाटलं, माझंच आता काहीतरी व्हायला लागलंय. तुम्ही त्या रात्री बोलत होतात ना!”

म्हणजे ती जागी होती.

दोन महिन्यांनी ‘सांगत्ये ऐका’ पुन्हा लागला. खुर्ची आता परत टीव्हीकडे वळलेली होती. हंसा वाडकर आल्या, ढोलकी वाजू लागली. आई पुढं झुकून पाहत राहिली. “हां, ही बघ. आता ती आली.” मी जरा चाचरतच विचारलं, “कडेचे ते काळे पट्टे खटकत नाहीत ना तुला?”

पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली, “खटकायचंय काय? विजयानंदलाही कडेला अंधारच असायचा. आता बोलू नकोस, बघू दे.”