महाडची नोंद

महाड हे सावित्रीच्या काठचे तालुक्याचे गाव. विकिपीडिया या इंटरनेटवरील मुक्त ज्ञानकोशात अशा गावांच्याही नोंदी असतात आणि त्या कोणालाही दुरुस्त करता येतात. मराठीतील हा कोश २००३ साली सुरू झाला. आज आपला विद्यार्थी ग्रंथालयाची पायरी चढण्याआधी तिथे जातो. ज्या गावच्या तळ्याचे पाणी प्यायले म्हणून आपल्या माणसांनी डोकी फोडून घेतली, त्या गावाची नोंद कशी राहते हा प्रश्न संगणकवाल्यांवर सोडून कसा चालेल?

महाडबद्दल लिहिताना सर्वांत मोठा घोळ होतो तो मार्च आणि डिसेंबर यांचा. आपल्या सभांतूनही दोन्ही परिषदा एकच समजून भाषणे होतात. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यायले गेले. नगरपालिकेने ते १९२४ सालीच ठरावाने खुले केले होते, पण ठराव कागदावर होता. मारहाण झाली, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव रद्द केला. डिसेंबरमध्ये कोर्टाचा मनाईहुकूम होता, म्हणून पाणी घेतले नाही. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. तळ्याचा हक्क मुंबई हायकोर्टात १७ मार्च १९३७ रोजी कायम झाला. 'डिसेंबरमध्ये पाणी प्यायले' असे कोणी लिहिले की मनाईहुकूम नाहीसा होतो आणि पाठोपाठ दहा वर्षांची कोर्टातील लढाईही. दिसायला चूक एका महिन्याची असते.

लहान चुकाही आहेत. १९२७ साली महाड कुलाबा जिल्ह्यात होते. रायगड हे नाव १९८१ सालचे. लोकसंख्या २०११ ची असेल तर वर्ष लिहिलेच पाहिजे, कारण २०२१ ची जनगणना त्या साली झालीच नाही. पहिल्या परिषदेला किती लोक होते, याचे आकडे ग्रंथागणिक वेगळे आहेत. मोठा आकडा आपल्याला आवडतो म्हणून तोच घालणे हीदेखील लबाडीच.

माझ्या एका विद्यार्थ्याने आपल्या गावाच्या नोंदीत आजीची आठवण लिहिली. तिचे सासरे परिषदेहून परतले, तेव्हा गावाने त्यांचा किराणा बंद केला होता. दुसऱ्या दिवशी ते वाक्य कोणीतरी काढून टाकले. पोरगा संतापला. खरे सांगायचे तर मीही संतापलो. आमच्या घरात अंगठ्याऐवजी सही करणारा मी पहिला, असे खोडणे मला लगेच ओळखीचे वाटते. मग नियम वाचला. कोशात फक्त छापून आलेले, कोणालाही पडताळता येईल असेच घालता येते. स्वतः ऐकलेले चालत नाही. नियम आंधळा आहे, दुष्ट नाही. पण छापखाना कोणाच्या हाती होता, हे त्या नियमाला ठाऊक नाही.

तरीही त्यात आपल्यासाठी वाट आहे. संदर्भ इंटरनेटवरचाच हवा असे नाही, इंग्रजीच हवा असेही नाही. कपाटातले चाळीस वर्षांपूर्वीचे मराठी पुस्तक पृष्ठक्रमांकासह चालते. १९२७ चे 'बहिष्कृत भारत' शासनाने पुन्हा छापले आहे. तेही दाखवता येते, मात्र ते चळवळीचेच पत्र असल्याने 'त्यात असे म्हटले आहे' असे लिहावे लागते. 'क्रांतिभूमी', 'ज्वलंत' ही विशेषणे टिकत नाहीत, तारखा टिकतात. आणि काढलेले वाक्य सहसा नाहीसे होत नाही: प्रत्येक बदल नोंदीच्या इतिहासात दिसतो, जुना मजकूर परत आणता येतो. कोणी पुन्हापुन्हा खोडत असेल तर चढाओढ न करता चर्चेच्या पानावर पुरावा मांडावा. नोंद आपल्या पाहणीच्या यादीत टाकली की तिच्यात कोणी हात घातला हे कळते.

माझ्या विद्यार्थ्याने तालुक्याच्या इतिहासाची चार वाक्ये संदर्भासह लिहिली, ती राहिली. आजीची आठवण वहीत आहे. आता तो तिच्या वस्तीतल्या आणखी सहा म्हाताऱ्यांना बोलते करतो आहे. एखाद्या नियतकालिकाने ते छापले, तर पुढच्या वर्षी नोंदीत घालता येईल. आजीचे वय ब्याऐंशी आहे.